खडवलीला आलेली भरती

परवा समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी दाराच्या बेलची वायर काढून टाकली आणि दारावर चिठ्ठी चिकटवली, 'हळू टकटक करावी. दहावी आहे.' घरात कुणी आजारी असावं असा त्या चिठ्ठीचा सूर आहे. त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर सगळेच पाय न वाजवता चालायला लागले आहेत. इस्त्रीवाला कपडे दारात ठेवतो आणि बोटांनी आकडा दाखवतो. वरच्या मजल्यावरचे काका एरवी गॅलरीत उभे राहून ठाण्यातल्या आमच्या साऱ्या कोपरीला ऐकू जाईल असं फोनवर बोलतात, तेसुद्धा आता जिना उतरून गेटपाशी जातात. दहावी वहिनींच्या एकट्या ईशाची, पण चेहरे सगळ्यांचेच परीक्षेला बसल्यासारखे झाले आहेत.

मलाही या दिवसांत उगीच धास्ती वाटते. माझी दहावी होऊन पंचवीस वर्षं उलटली, डोक्यावरचे केस निम्मे गेले, तरी फेब्रुवारी सरत आला, थंडी फक्त पहाटेच्या नळाच्या पाण्यात उरली आणि दुपारच्या शांततेत कोकिळ ओरडायला लागला, की मी मनातल्या मनात वह्या गोळा करायला लागतो. गंमत अशी की ती धास्ती फार वेळ टिकत नाही. थोड्या वेळानं ती विरघळते आणि मागे राहतं ते एक मोठ्ठं हुश्श. इतकी वर्षं झाली, पण ते हुश्श काही शिळं झालेलं नाही.

काल ईशाच टकटक करून आली. हातात मराठीची वही, केसांत पेन खोचलेलं. म्हणाली, "काका, तुम्ही मासिकात वगैरे लिहिता ना? मला एक सांगा, हे दोन गोष्टींची तुलना करून लिहा म्हणतात, त्यात एक्झॅक्टली लिहायचं काय? मी फरक लिहिले, बारा झाले. पण ते वाचायला एकदम बोअर आहे."

"सारखं काय आहे ते लिहिलंस का?" मी विचारलं.

"सारखं? पण फरक विचारलाय ना?"

मला हसू आलं. हे वाक्य मी पंचवीस वर्षांपूर्वी, अगदी याच सुरात, डोंबिवलीतल्या एका वर्गात उभं राहून म्हटलं होतं.

आमच्या मराठीला गद्रेबाई होत्या. ठेंगण्या, सुती साडी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांना गाइडातला निबंध वासावरून ओळखू यायचा. दहावीच्या वर्षी त्यांनी आम्हाला तुलना शिकवायचं मनावर घेतलं होतं. मी फरकाबद्दल बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "कुतुबमिनार आणि कढीपत्ता यांत फरक किती रे? हजार असतील. मग लिही निबंध! लिहिता येईल?" वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "आधी दोघांना जोडणारं काहीतरी सापडू दे. मग फरक बोलायला लागतात. नाहीतर ती नुसती यादी झाली, वाण्याची." त्या आम्हाला कागद मधोमध दुमडायला लावत. वरच्या अर्ध्यात तीन साम्यं. ती सापडल्याशिवाय खालचा अर्धा उघडायचा नाही.

एकदा त्यांनी शाळेची घंटा आणि देवळातली घंटा असा विषय दिला होता. दोन्ही पितळेच्या, दोन्ही टांगलेल्या, दोन्ही दुसऱ्यानं हात लावल्याशिवाय गप्प, एवढं लिहून झाल्यावर मला एकदम सुचलं की एक घंटा आपण आत जाताना वाजवतो आणि दुसरी वाजण्याची वाट आपण बाहेर पडण्यासाठी बघतो. हे मला आधी माहीत नव्हतं. म्हणजे दोन्ही घंटा रोजच्याच होत्या, पण शेजारी ठेवल्यावर त्या मला पहिल्यांदा ऐकू आल्या. बाईंनी समासात लिहिलं होतं, 'आता दिसायला लागलं.' त्यांचं म्हणणंच ते होतं. तुलना करायची ती नीट बघण्यासाठी, निकाल लावण्यासाठी नाही.

मला मात्र त्या वयापर्यंत निकाल लावणारी तुलनाच ठाऊक होती. तिच्यात मी जन्माला आलो होतो. मी मकरंद, माझा भाऊ मिलिंद, आम्ही जुळे. तो माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठा. घरी कुणीही आलं की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी आम्हाला शेजारी शेजारी उभं करायचं. बाजारात बायका दोन दुधी दोन हातांत घेऊन जोखतात, तसं आमच्याकडे बघितलं जायचं. याचं नाक बरं आहे. त्याचं अक्षर छान आहे. हा हुशार, तो शांत. 'शांत' म्हणताना आवाज असा उतरायचा की मिलिंदला कळायचं, मला कळायचं, फक्त म्हणणाऱ्याला कळायचं नाही. मला मार्क पडायचे आणि त्याला पडायचे नाहीत, यात माझा जितका दोष होता तितकाच त्याचा. पण वर्षानुवर्षं ऐकून मलाही ते गोड लागायला लागलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

दहावीच्या वर्षी आम्ही एकमेकांशी बोलणं जवळजवळ बंद केलं होतं. भांडण असं काही नव्हतं. घडीच्या टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये गाइडं आणि वह्यांची चळत. हळूहळू ती चळत इतकी उंच झाली की पलीकडचा माणूस दिसेनासा झाला. आई म्हणायची, "एकमेकांना विचारून करा की रे." आम्ही दोघंही एकाच वेळी "हो" म्हणायचो आणि एकाच वेळी गप्प बसायचो.

त्या मोसमाचे वास मला अजून वेगवेगळे सांगता येतात. गच्चीवर सगळ्या बिऱ्हाडांचे पापड आणि कुरडया वाळत असायच्या, म्हणून अभ्यासाला गच्चीवर जाणाऱ्यानं एका हातात इतिहास आणि दुसऱ्या हातात कावळे हाकायची काठी धरायची असा नियम होता. तापलेल्या साडीवरच्या कुरडयांच्या ओल्या चिकाचा आंबूस वास आणि इतिहासातल्या सनावळ्या माझ्या डोक्यात एकत्रच साठवल्या गेल्या आहेत. कंपाउंडबाहेर शेवरी फुलायची, तिची जाड लाल फुलं खाली धप्पकन पडायची. आणि सकाळी सकाळी, वारा फिरला की, मानपाड्याच्या बाजूनं कारखान्यांचा वास यायचा. कधी कुजक्या अंड्यांचा, कधी जळक्या साखरेचा, कधी नुसताच नाकात झोंबणारा.

त्या वासाचा अर्थ सांगायचं काम बाबांचं. बाबा तिथल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. दात घासत गॅलरीत उभे राहायचे, हवा हुंगायचे आणि जाहीर करायचे, "रंगवाल्यांचं नवीन युनिट सुरू झालेलं दिसतंय. वारा आग्नेयेचा आहे." आम्ही विश्वास ठेवायचो. बाबांना सगळं माहीत असायचं. कोकिळ का ओरडतो, लोणचं का बुरसटतं, विमानं कल्याणवरूनच का वळतात. विचारलं आणि बाबांना उत्तर आलं नाही असं मी पाहिलेलंच नव्हतं. उत्तर बरोबर आहे की नाही, हे तपासायचं आमच्या घरात कुणाला सुचलंही नव्हतं. इतक्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाला पुरावा मागणं बरं दिसत नाही.

प्रिलिमला मराठीच्या पेपरात विषय आला, 'नदी आणि खाडी : तुलना करा'. गद्रेबाईंचंच काम. हजेरीपटावर आमची नावं लागोपाठ, त्यामुळे पुढच्या बाकावर मी आणि मागच्या बाकावर मिलिंद. मी कागद मनात दुमडला. नदी म्हणजे कल्याणच्या पुढच्या खडवलीची, कारण दुसरी नदी मी पाहिलीच नव्हती. खाडी म्हणजे मोठागावच्या रेतीबंदरची, तिथे बाबा आम्हाला रविवारी भरती-ओहोटी दाखवायला न्यायचे. चिखलात आडवी पडलेली होडी तासाभरात सरळ होऊन डुलायला लागायची, ते बघत आम्ही शेंगदाणे खायचो. मी झरझर लिहीत गेलो. त्या दिवशी मी खूश होऊन घरी आलो, आणि आठ दिवसांनी मुख्याध्यापिकांच्या ऑफिसमधून आम्हा दोघांना बोलावणं आलं.

टेबलावर दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्हींवर एकाच ठिकाणी लाल रेघ. मॅडमनी माझा पेपर वाचला, मग त्याचा. दोघांनी लिहिलं होतं की खडवलीच्या नदीला भरती येते. आणि दोघांनी पुढे लिहिलं होतं, शब्द न शब्द तोच : 'भरती म्हणजे पाहुणा. येताना कळवत नाही, पण मुक्काम ठरलेला.'

"खडवलीला भरती येत नाही," मॅडम म्हणाल्या. "समुद्र कुठे, खडवली कुठे! बरोबर उत्तरं दोघांची सारखी आली तर मी समजू शकते. चूक सारखी कशी येते? तीसुद्धा शब्दशः?"

गद्रेबाई खिडकीशी उभ्या होत्या.

"कोणी कोणाचं बघितलं ते सांगा. नाहीतर दोघांचीही हॉल तिकिटं माझ्या कपाटात राहतील. उद्या वडिलांना घेऊन या."

हॉल तिकीट नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, मावशीचा आला, सगळ्या बिल्डिंगचा आला. मी बघितलं नव्हतं, एवढं मला पक्कं माहीत होतं. म्हणजे राहिला कोण? मान वर न करता मी म्हणालो, "मॅडम, मी पुढे बसलेलो."

खोटं काही नव्हतं त्यात. मी पुढेच बसलेलो. पण त्या चार शब्दांचा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळला. मिलिंदचे कान लाल झाले. तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं, पण तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. आयुष्यात बरंच काही बोललो आणि विसरलो. हे वाक्य मात्र विसरता आलेलं नाही, आणि ते विसरू नये असंच मला वाटतं.

त्या संध्याकाळी तो पुस्तक घेऊन गच्चीवर गेला आणि दिवेलागणीपर्यंत खाली आला नाही. मी टेबलाशी बसून राहिलो. चळतीपलीकडे कुणी नव्हतं आणि तरी मला मान वर करून बघवत नव्हतं. शाळेच्या चिठ्ठीत फक्त 'मुलांविषयी बोलायचे आहे' एवढंच होतं. बाबांनी ती दोनदा वाचली आणि आईला म्हणाले, "बोर्डात येण्यासारखी मुलं असली की शाळा आधी पालकांना विश्वासात घेते." दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून आमच्याबरोबर निघाले. वाटेत एकदा शीळही घातली.

ऑफिसात मॅडम तोंड उघडणार इतक्यात गद्रेबाई पुढे झाल्या. "मॅडम, आधी मी एक विचारू?" आणि बाबांकडे वळून अगदी सहज, चहापाण्याला आल्यासारख्या म्हणाल्या, "तुम्ही मुलांना कधी खडवलीला नेलं होतंत का हो?"

"नेलं होतं की!" बाबा खुर्चीत पुढे सरकले. "आठ वर्षांचे असतील. जानेवारीत. नदीकाठी डबा खाल्ला. आणि सांगतो बाई, भरती काय असते ते यांना तिथे कळलं! बघता बघता पाणी वर आलं. ही घाबरली, यांची आई. मी म्हटलं, घाबरतेस काय? भरती म्हणजे पाहुणा. येताना कळवत नाही, पण मुक्काम ठरलेला."

गद्रेबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या, आणि मला वाटलं त्या रडताहेत. त्या हसत होत्या. मॅडमनी ओठ घट्ट मिटून घेतले, पण त्यांचे खांदे हलत होते. मी मिलिंदकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे सरळ बघितलं असेल. ते वाक्य आमच्या घरातलं होतं! त्यानं माझं चोरलं नव्हतं आणि मी त्याचं नव्हतं, आम्ही दोघांनी एकाच बापाचं ऐकलं होतं. माझ्या छातीवरून कुणीतरी धान्याचं पोतं उचलावं तसं झालं. रडू येईल की हसू, ते कळेना.

बाबा बिचारे गोंधळून सगळ्यांकडे बघत होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी हळूच म्हणाल्या, "फक्त एक आहे. खडवलीला भरती येत नाही हो."

"येत नाही?" बाबा म्हणाले. "मग त्या दिवशी पाणी वाढलं कसं?"

"वरच्या धरणातून सोडलं असेल. सोडतात अधूनमधून."

बाबांच्या कपाळावर भर सकाळी घाम आला. भरती असती तर ती ठरल्याप्रमाणे थांबली असती. सोडलेलं पाणी कुठे थांबेल याचा काठावर बसलेल्या माणसाला काय पत्ता? "मी संत्रं सोलत बसलो होतो," ते म्हणाले. "पाणी येतंय बघून मी संत्रं सोलत बसलो होतो." मग कपाळ पुसत, "बाई, मला माहीत नव्हतं."

बाबांच्या तोंडून हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. एरवी मला त्यांची कीव आली असती किंवा लाज वाटली असती. पण त्या क्षणी मला ते फार जवळचे वाटले. हॉल तिकिटाची भीती गेली आणि तिच्याबरोबर, सात वर्षं उशिरा, एका जुन्या भीतीतूनही आमची सुटका झाली. नदीनं आम्हाला कधीच सोडून दिलं होतं, आम्हाला ते आता कळत होतं.

मॅडमनी बाबांसाठी चहा मागवला. गद्रेबाईंनी आम्हाला शेजारच्या चित्रकलेच्या रिकाम्या वर्गात नेलं, माझा पेपर मिलिंदला दिला, त्याचा मला, आणि दोघांच्या हातात एकेक पेन्सिल. "साम्यं मॅडमनी शोधली आहेत. आता फरक तुम्ही शोधा," म्हणून त्या निघून गेल्या.

वर्गात वाळलेल्या रंगांचा वास होता. आम्ही दोन टोकांना बसलो. मी त्याचा निबंध वाचायला लागलो, आणि मला पहिल्याच पानावर कळलं की ज्यानं हे दोन निबंध वाचून चोरीचा संशय घेतला, त्यानं लाल रेघांपलीकडे वाचलंच नसावं. माझ्या निबंधात सगळे आवाज होते. नदी दगडांशी बडबडते, खाडी चिखलात चुळचुळ करते, होडीची फळी कुरकुरते. त्याच्या निबंधात एकही आवाज नव्हता. होतं ते सगळं पायांना लागणारं : खडवलीचे उन्हानं तापलेले गोटे, त्यांच्यावरचं बुळबुळीत शेवाळ, रेतीबंदरला घोट्यापर्यंत जाणारा गार चिखल आणि पाय उपसताना निघणारी चप्पल. त्याच्या निबंधात आई होती, साडीचा काठ भिजू नये म्हणून खोचून उभी. माझ्या निबंधात आई नव्हतीच. मला आठवेना, आई त्या दिवशी कुठली साडी नेसली होती. त्यानं लिहिलं होतं, 'पिवळी.' पंधरा वर्षं मी या मुलाच्या शेजारी झोपलो होतो आणि तो जगाला पायांनी वाचतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मग शेवटचा परिच्छेद आला. गद्रेबाईंच्या पद्धतीत तो भीतीचा असायचा. दोन्ही गोष्टींत भीती वाटण्यासारखं काय आहे, ते लिहायचं. त्याच्या सुंदर, सरळ अक्षरात लिहिलं होतं : 'खडवलीला पाणी वाढले तेव्हा मी खडकावर होतो. माझे पाय हलेनात. तेव्हा माझ्या भावाने माझा शर्ट धरून मला ओढले. तो नसता तर काय झाले असते, हे मला माहीत नाही.'

मी ते पुन्हा वाचलं. मग मान वर केली. वर्गाच्या दुसऱ्या टोकाला मिलिंदची पेन्सिल थांबली होती. त्याच्या हातातल्या माझ्या पेपरात त्याच जागी काय लिहिलंय, ते मला तोंडपाठ होतं. 'मी खडकावर अडकलो होतो. माझ्या भावाने माझा हात धरून मला काठावर आणले.'

"हे काय लिहिलंयस?" तो म्हणाला. "तू ओढलंस मला."

"नाही रे. तू."

"अरे, मला आठवतंय ना!"

"मलापण आठवतंय."

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "किती फरक सापडले?"

"एकच मोठा आहे, बाई," मिलिंद म्हणाला. "पण त्यातलं खरं कुठलं, ते कळत नाहीये."

बाईंनी दोन्ही पेपर घेतले, दोन्ही परिच्छेद वाचले. मग पेपर जुळवून एकावर एक ठेवत म्हणाल्या, "असू दे. प्रत्येक फरक मिटवलाच पाहिजे असं नाही."

बाबा तिथूनच कामावर गेले. आम्ही दोघं मानपाडा रोडनं चालत निघालो. ऊन चढलं होतं, उसाच्या रसाच्या गाड्यावरचे घुंगरू वाजत होते. गाडा मागे पडल्यावर मी विषय काढला.

"काल मी बोललो ना मॅडमना," मी म्हणालो, "पुढे बसलेलो म्हणून."

"बसलेलासच."

"तसं नाही रे. मला वाटलेलं तू बघितलंस."

"माहितीये." दोन पावलं पुढे जाऊन तो म्हणाला, "मला वाटलेलं तू मान वळवून बघितलंस."

"मी? मागे वळून? तुझ्या पेपरात?"

"तुझा काय भरोसा, यार!"

आणि तो हसला. मीही हसलो, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्याला तसं वाटूनही त्यानं काल ऑफिसात तोंड उघडलं नव्हतं. मी त्याला "सॉरी" म्हटलं. त्यानं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, चांगला जोरात. तो मला हवा होता.

पुढचे दिवस कसे गेले ते आठवताना माझा चेहरा अजून सैल होतो. टेबलावरची चळत आईनं खाली ठेवली की आम्ही, ते आता आठवत नाही, पण ती गेली. तो मला नकाशे शिकवायचा, कारण त्याला प्रदेश चालून आल्यासारखा कळायचा. मी त्याला कविता मोठ्यानं वाचून दाखवायचो. बाबा काही दिवस गॅलरीत नुसतेच दात घासायचे. वास आला तर म्हणायचे, "कसला असेल रे?" आणि खरंच उत्तराची वाट बघायचे. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुमच्यातलं कोणी कोणाला ओढलं?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मी पोळ्यांचा डबा वाचवत होते." मग आमटी वाढता वाढता तिचा हात थांबला, आणि तिनं आम्हा दोघांच्या डोक्यावरून एकेकदा हात फिरवला.

दहावी झाली. मला त्याच्यापेक्षा मार्क जास्त पडले. मावशीनं पेढा तोंडात घालायच्या आधीच दोन आकड्यांची वजाबाकी केली. पण त्या वेळी आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो आणि मावशीला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. तेव्हापासून आमची तुलना झाली नाही असा एकही लग्नसमारंभ गेलेला नाही. आता केस कुणाचे जास्त गेले आणि पोट कुणाचं सुटलं, यावर होते. होऊ दे. ती टोचत नाही.

माझी नोकरीही विचित्र आहे. मी खरेदी विभागात आहे आणि रोज तुलनात्मक तक्ते करतो. आडवे रकाने, उभे रकाने, शेवटी एकाला होकार आणि बाकीच्यांना नकार. तिथे गद्रेबाईंचं चालत नाही, आणि चालूही नये. पण घरी येऊन लिहायला बसलो की मी अजून कागद दुमडतो. ठाणं आणि डोंबिवली, आईचं वय आणि माझं, तेव्हाचे बाबा आणि आताचे, हल्ली 'बघायला हवं' असं सारखं म्हणणारे. दोन गोष्टी जवळ आणल्या की त्यांच्यातून तिसरंच काही बोलायला लागतं, आणि त्यातच लेखनाची सगळी मजा आहे असं मला वाटतं. ईशाला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला वेळ नव्हता. फक्त म्हटलं, "आधी तीन साम्यं शोध. दोन सापडली तरी येऊन मला सांग." अर्ध्या तासानं पुन्हा टकटक झाली. दारातूनच म्हणाली, "काका, सापडली! आता बोअर नाहीये!" आणि पळाली.

मग मी मिलिंदला फोन केला. तो कल्याणला असतो, संध्याकाळी भाजी घेऊन घरी चालत जाताना फोन उचलतो. म्हटलं, खडवलीचं लिहितोय, चालेल ना?

"लिही की. पण खरं लिही. तू ओढलंस."

"तू ओढलंस."

"अरे, माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं. आई नंतर ओरडलेली."

"माझं मनगट दोन दिवस दुखत होतं."

"तू ना, म्हातारा होईपर्यंत ऐकणार नाहीस," तो म्हणाला. "तुला काय लिहायचं ते लिही. मला कुठे लिहिता येतंय!" मागे भाजीवाला कोथिंबिरीच्या जुडीसाठी कुणाला तरी ओरडत होता. फोन ठेवताना मिलिंद हसत होता.

तो लिहिणार नाही, हे मला ठाऊक आहे. एकदाच लिहिलं होतं, आणि तो पेपर शाळेच्या रद्दीत कधीच गेला असेल. म्हणजे कागदावर राहील ते माझंच. तर मग सांगून टाकतो. खडवलीला पाणी वाढलं, मी खडकावर होतो, आणि माझ्या भावानं माझा हात धरून मला काठावर आणलं.